‘कशावर?’ हे विचारायला लाजू नकोस

पहिला पगार खात्यात पडला की थोड्याच दिवसांत फोन सुरू होतात. ‘मॅडम, तुम्हाला पाच लाखांचं प्री-अप्रूव्ह्ड लोन आहे.’ तुलाही येत असतील. फोन करणाऱ्या पोरींवर चिडू नकोस, त्यांना महिन्याचं टार्गेट असतं. पण प्री-अप्रूव्ह्ड म्हणजे मंजूर असं समजू नकोस. तुझा पगार आणि तुझा क्रेडिट स्कोअर बघून संगणकाने काढलेली ती यादी असते. खरी मंजुरी कागद तपासल्यावर मिळते आणि खरा दरही तेव्हाच कळतो. तोवर फोनवर ऐकलेला आकडा हा नुसता गळ.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, हे तुला माहीतच आहे. टेबलापलीकडे बसणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारायचा, ‘मॅडम, हप्ता किती बसेल?’ हप्ता झेपतोय म्हणजे कर्ज झेपतंय, असा हिशोब. देणाऱ्यालाही हेच बरं वाटतं, कारण मुदत ताणली की कुठलाही हप्ता झेपेल एवढा लहान करून दाखवता येतो. तू हप्ता शेवटी विचार. टक्के कानावर पडले की आधी दोन गोष्टी विचार: महिन्याला की वर्षाला? आणि कशावर?

‘महिन्याला की वर्षाला’ हा प्रश्न खेडवळ वाटेल, पण फसगत तिथूनच सुरू होते. आपल्याकडे खासगीत पैसे फिरवणारे ‘शेकडा तीन’ म्हणतात. म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये, वर्षाचे छत्तीस टक्के. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र बँकेचे नऊ-दहा टक्के असतात आणि त्याला तीन स्वस्त वाटतात. परवाना असलेल्या सावकारालाही आपल्या राज्यात इतकं व्याज लावता येत नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ठरलेले दर वर्षाचे आहेत: शेतकऱ्याला तारण असेल तर ९ टक्के, नसेल तर १२, इतरांना तारणावर १५, विनातारण १८. शिवाय दामदुपटीचा जुना नियम त्या कायद्यात अजून जिवंत आहे, व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ शकत नाही. बँकांना आणि कार्डांना मात्र ती वेसण नाही. तुझ्या क्रेडिट कार्डाच्या कागदावरही ‘३.५ टक्के’ असंच छापलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरात ‘दरमहा’. म्हणजे वर्षाचे बेचाळीस. गावातल्या शेकडा तीनवाल्याला नावं ठेवणारी माणसं हे कार्ड खिशात मिरवतात, याची मला गंमत वाटते.

आता ‘कशावर’. दुचाकीच्या शोरूममध्ये तुला सांगतील, ‘फक्त दहा टक्के, फ्लॅट.’ एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं. फ्लॅट म्हणजे तिन्ही वर्षं पूर्ण लाखावर व्याज. म्हणजे तीस हजार व्याज आणि ३,६११ रुपयांचा हप्ता. पण तू दर महिन्याला मुद्दल फेडत असतेस. तिसऱ्या वर्षी तुझ्याकडे लाख उरलेले नसतातच, तरी व्याज लाखाचंच चालू. हेच दहा टक्के शिल्लक मुद्दलावर, ज्याला बँकेत रिड्यूसिंग बॅलन्स म्हणतात, त्या पद्धतीने लावले तर हप्ता ३,२२७ रुपयांच्या आसपास येतो आणि तीन वर्षांचं एकूण व्याज १६,१६२. जवळजवळ निम्मं. उलटा हिशोब केला तर फ्लॅट दहा टक्के म्हणजे शिल्लक रकमेवरचे जवळपास अठरा टक्के. काउंटरवरचा मुलगा खोटं बोलत नसतो, तो दहाच म्हणतो. कशावर, ते तू विचारलंस तरच सांगेल.

या दोन प्रश्नांची उत्तरं हल्ली एका कागदावर मिळतात. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सक्तीचं केलं आहे. करारावर सही करण्याआधी ते तुझ्या हातात पडायला हवं. त्यात एपीआर नावाची ओळ शोध. व्याजाबरोबरच प्रोसेसिंग फी, विम्याचा हप्ता, कागदपत्रांचा खर्च असं जे जे तुझ्या खिशातून जाणार आहे ते सगळं धरून वर्षाचा दर किती पडतो, ते तिथे लिहिलेलं असतं. दोन बँकांची तुलना करायची ती एपीआरची. एकीकडे दर अर्ध्या टक्क्याने कमी आणि फी मात्र भरमसाट, असं फार वेळा असतं. विम्याचं वेगळं बघ. कर्जासोबत विमा घेतलाच पाहिजे असं तोंडी सांगतात आणि त्याचा हप्ता कर्जातच मिसळतात, मग विम्याच्या पैशांवरही व्याज. ‘कुठल्या नियमाने सक्तीचा आहे, ते लिहून द्या’ म्हटलं की बहुतेक जण ती ओळ खोडतात.

करारातलं प्रत्येक कलम वाचायला तुला जमणार नाही, मलाही कंटाळा यायचा. पण हा एक कागद दोन-चार पानांचा असतो, तो चहा घेत वाच. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरात शिरून कर्जाची खतं जाळली. त्या खतांत काय लिहिलंय ते त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, अंगठा तेवढा उठवलेला. आपण वाचू शकतो आणि स्क्रीन खाली सरकवून ‘आय अॅग्री’ दाबतो.

घराच्या कर्जाकडे वळते, कारण चार-पाच वर्षांत तू तिकडे जाणारच. तीस लाख, वीस वर्षं, नऊ टक्के: हप्ता २६,९९२. पहिल्या हप्त्यातले २२,५०० नुसतं व्याज, मुद्दलाला जातात जेमतेम ४,४९२. हा अन्याय नाही, पहिल्या महिन्यात तीस लाखांवर व्याज लागतंच. पण त्यामुळेच सुरुवातीला भरलेला जास्तीचा पैसा सोन्याचा. अगदी सुरुवातीला एक लाख जास्तीचे भरलेस आणि हप्ता तोच ठेवलास, तर शेवटचे सुमारे वीस हप्ते गळून पडतात. तेच लाख अठराव्या वर्षी भरलेस तर चारेक हप्त्यांचा फरक. बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडायला वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही, २०१२ पासूनचा नियम आहे. कोणी ‘फोरक्लोजर चार्ज’ म्हणालं तर कर्ज बदलत्या दराचं की स्थिर दराचं, तेवढं बघ. स्थिर दराला तो लागू शकतो.

बदलता दर म्हणजे फ्लोटिंग. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जांना बाहेरचा मापदंड लागतो, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर. रेपो हलला की तुझा दर हलतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो चारवरून साडेसहावर गेला. लोकांचे हप्ते मात्र बऱ्याच ठिकाणी तेच राहिले. लोक खूश. खरं तर बँकांनी हप्त्याला हात न लावता मुदत वाढवली होती. वरच्याच उदाहरणात सुरुवातीलाच नऊचे दहा टक्के झाले आणि हप्ता तोच ठेवला, तर वीस वर्षांचं कर्ज सव्वीस वर्षांवर जातं. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलला की कर्जदाराला विचारा: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की थोडं थोडं दोन्ही. बँकेचा तसा मेसेज आला तर सहसा हप्ता वाढवून घे. तोवर पगारही वाढलेला असतो.

कार्डाबद्दल जास्त बोलणार आहे, वैतागू नकोस. कार्ड वाईट नाही. पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला ते वीस ते पन्नास दिवस फुकट वापरायला पैसे देतं. घोळ होतो तो ‘मिनिमम ड्यू’ या ओळीपाशी. चाळीस हजारांचं बिल आणि खाली ठळक अक्षरात: किमान देय रक्कम दोन हजार. माणसाला वाटतं, दोन हजार भरले, आपण नियमित. दंड लागत नाही, स्कोअरही लगेच पडत नाही, इतपत ते खरं. पण उरलेल्या अडतीस हजारांवर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २३९. म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा दोन हजार भरलेस तर त्यातले दीड हजाराहून जास्त वरच्या वर जातात. त्यातही व्याज मोजलं जातं ते बिलाच्या शेवटच्या तारखेपासून नाही, खरेदी केली त्या दिवसापासून. आणि सगळ्यांत कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट ही: मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या महिन्यात घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून एकदा बाकी राहिलीच तर कार्ड कपाटात टाक, बाकी शून्य होईपर्यंत यूपीआयवर राहा. फारच मोठी रक्कम तुंबली असेल तर बँकेतून वैयक्तिक कर्ज घेऊन कार्ड मोकळं करणं परवडतं. बारा-चौदा टक्के कुठे आणि बेचाळीस कुठे. मात्र त्यानंतर त्याच कार्डावर पुन्हा बाकी साचवलीस तर दोन्ही गळ्यात.

कार्डावरून एटीएममधून रोख काढू नकोस. तिथे एक दिवसही बिनव्याजी नसतो आणि वर काढण्याची फी वेगळी. कार्ड नको झालं तर बंद करायला लेखी सांग. बाकी काही नसेल तर सात कामकाजी दिवसांत ते बंद झालं पाहिजे, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये बँकेने तुला द्यायचे असतात.

‘नो-कॉस्ट ईएमआय’ हा मोबाइलवाल्यांचा लाडका शब्द. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं. तीस हजारांचा फोन, पाच हजारांचे सहा हप्ते. दुकानदार व्याजाएवढी सूट किमतीत देतो, बँक त्या कमी रकमेवर व्याज लावून परत तीस हजारांवर आणते. व्याजावरचा जीएसटी तुझ्याकडून, प्रोसेसिंग फी तुझ्याकडून. रोखीने घेणाऱ्याला ती सूट मिळतेय का, ते विचार. मिळत असेल तर तीच तुझ्या हप्त्यांची किंमत. मिळत नसेल आणि फी किरकोळ असेल तर खुशाल घे, मी काही सोवळं पाळत नाही.

सिबिल. लोक ‘माझं सिबिल खराब आहे’ असं म्हणतात, जणू रक्तगटच. सिबिल ही एक कंपनी आहे. तशाच एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. तू कुठे काय घेतलंस आणि कसं फेडलंस याची नोंद चौघीही ठेवतात आणि ३०० ते ९०० मधला एक आकडा, म्हणजे स्कोअर, देतात. वर्षातून एकदा प्रत्येकीने तुला पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चौघींचा एकदम मागवू नकोस. तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेकीचा मागव, वर्षभर लक्ष राहतं. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने आकडा घसरत नाही. दहा ठिकाणी एकदम कर्जासाठी अर्ज केलेस तर घसरतो, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि पैशांसाठी तू वणवण करतेयस असं दिसतं. अॅपवर ‘आता घ्या, नंतर द्या’ म्हणून घेतलेली पाच हजारांची उधारीही बऱ्याचदा कर्ज म्हणूनच नोंदलेली असते. अहवालात तुझं नसलेलं कर्ज दिसलं तर लगेच तक्रार कर. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे.

त्या अहवालात ‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ हे दोन शब्द असतात आणि त्यांच्यातली दरी मोठी आहे. थकलेल्या कर्जावर वसुलीवाला सांगतो, ‘ऐंशी हजारांऐवजी चाळीस भरा, मॅटर क्लोज करून देतो.’ तू चाळीस भरतेस. अहवालात येतं ‘सेटल्ड’, म्हणजे या बाईने पूर्ण दिलं नाही. पुढे घरासाठी गेलीस की पहिलं बोट त्यावर पडतं. अगदीच नाइलाज असेल तर सेटलमेंट कर, पण बँकेच्या लेटरहेडवर पत्र आल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. पुढे हातात पैसे आले की उरलेली रक्कम भरून नोंद बदलून घेता येते, तेही पत्र मागूनच.

‘राइट-ऑफ’चं तर आपल्याकडे भलतंच होतं. बँकांनी अमुक हजार कोटी राइट-ऑफ केले असं पेपरात आलं की चौकात चर्चा, मोठ्यांना माफ आणि आम्हाला नोटीस. राइट-ऑफ म्हणजे निर्लेखन. बँक ती रक्कम आपल्या ताळेबंदातून काढते, कर्जदाराचं देणं तसंच राहतं आणि वसुलीही चालू राहते. किती वसूल होतं हा वेगळा, रागावण्यासारखा विषय आहे. माफी वेगळी. २०१९ ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना ही माफी होती, तिथे पैसे सरकारने भरले.

आता जामीन. ऑफिसातली मैत्रीण म्हणेल, ‘पतसंस्थेतून घेतेय गं, नुसती सही हवीय.’ नुसती सही नसते. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. बँकेने आधी तिच्याकडे जावं, तिची गाडी विकावी, मग तुझ्याकडे यावं, असं बंधन नाही. ज्याचा पगार नियमित, त्याच्याकडे आधी जातात. जामीनदारांना जाणारी अशी पत्रं मी स्वतः टाइप करून घेतली आहेत. जामीनदार हातात पत्र घेऊन येतात आणि म्हणतात, ‘मॅडम, मी तर एक रुपया घेतला नाही.’ बरोबरच असतं त्यांचं. पतसंस्थेकडे तर सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुली दाखल्याची वाट असते आणि त्या दाखल्यात जामीनदाराचंही नाव येतं. जामीन राहायचंच तर, ही रक्कम मला स्वतःला भरावी लागली तर मी भरेन का, असं विचार. उत्तर हो असेल तरच. नाही म्हणायचं असेल तर माझं नाव सांग, ‘आत्याने शपथ घातलीय’ म्हण. आपल्या माणसांत ते चालतं.

‘सहकर्जदार’ त्याहून पुढचा. तो जामीनदार नाही, कर्जदारच. लग्नानंतर घराच्या कर्जात तुझं नाव घालतील, घाल. पण करारात नाव असेल तर खरेदीखतातही असू दे.

हप्ता थकलाच तर घाबरून फोन बंद करणं हे सगळ्यांत महाग पडतं. आधी होतं ते बाउन्स. खात्यातून हप्ता आपोआप कापायची जी परवानगी दिलेली असते तिला नॅच मँडेट म्हणतात. खात्यात पैसे नसले की तुझी बँकही दंड घेते आणि कर्ज देणारीही. तसं होणं चेक न वटण्यासारखंच कायद्याच्या कक्षेत येतं. म्हणून हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची घे. थकल्याच्या पहिल्या तीस दिवसांत खातं ‘एसएमए शून्य’, साठपर्यंत ‘एक’, नव्वदपर्यंत ‘दोन’ आणि नव्वद दिवस उलटले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. या नव्वद दिवसांत बँकेचं मन वळवता येतं. मुदत वाढवून मागता येते, हप्त्यांची फेररचना मागता येते. एनपीए झाल्यावर शाखेच्या हातातून बरंच निसटतं. तारण असलेल्या कर्जात मग, तारण ताब्यात घ्यायची मुभा देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली, साठ दिवसांची नोटीस येते. तिला लेखी उत्तर देता येतं आणि द्यावंच. थकलेल्या हप्त्यावर दंड लागतो, पण २०२४ पासून तो मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. तुझ्या शेजाऱ्यांना, ऑफिसात सांगत सुटायचं नाही. कर्जाच्या अॅपला तुझे कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायची परवानगी मागायचाही अधिकार नाही. मागितली तर ते अॅप तिथेच काढून टाक. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, १४४४८ वर माहिती मिळते. पतसंस्था मात्र त्याच्याकडे येत नाहीत, त्यांच्यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकाचा उंबरठा.

‘मोरॅटोरियम’ म्हणजे सुट्टी, पण फक्त हप्त्याला. व्याजाला सुट्टी नसते. २०२० मध्ये सहा महिने हप्ते थांबवले तेव्हा पुष्कळांना वाटलं सहा महिने वाचले. नंतर मुदत वाढलेली बघून शाखेत येऊन भांडले. तुझ्या धाकट्या भावाच्या शैक्षणिक कर्जालाही शिक्षण आणि वर एक वर्ष अशी सुट्टी असेल. त्या काळात नुसतं व्याज जरी भरत राहिलात तरी पुढचा हप्ता हलका होतो. तुझ्या बाबांना हे मी सांगितलंय, पण ते माझं ऐकत नाहीत.

शेवटचा हप्ता भरला की काम संपत नाही. नो ड्यूज सर्टिफिकेट घे. गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे बँकेचा बोजा, उतरव, नाही तर विकताना अडशील. शेतजमिनीवर कर्ज असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढलेला असतो. बँकेचं पत्र तलाठ्याकडे देऊन फेरफार करून घ्यावा लागतो, तो आपोआप उतरत नाही. घराची मूळ कागदपत्रं बँकेने तीस दिवसांत परत द्यायची, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, हा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. परत घेताना कर्जाच्या वेळी दिलेल्या यादीशी एकेक कागद ताडून बघ आणि मगच पोच दे. महिना-दीड महिन्याने अहवाल मागवून ‘क्लोज्ड’ लागलंय का तेही पाहा. लागलं नसेल तर ते नो ड्यूज सर्टिफिकेट जोडून तक्रार टाक.